खाज एकाला, औषध घराला



जून महिना आला, की शाळा सुरू होतात आणि पाऊसही. नवी दप्तरे, नवे रेनकोट आणि दिवसभर पायांत राहिलेले ओले मोजे. त्यानंतर महिन्या-दोन महिन्यांत त्वचेच्या डॉक्टरांकडे शाळकरी मुलांची गर्दी वाढू लागते. बोटांच्या बेचक्यांत खाजवून खाजवून लाल झालेले हात, आणि सोबत रात्रभर न झोपलेली आई.

मागे अशीच एक आई तिसरीतल्या मुलाला घेऊन आली. म्हणाली, "डॉक्टर, तीन वेळा मलम लावलं. आठ-पंधरा दिवस बरं वाटतं, की पुन्हा सुरू. शाळेत त्याला शेवटच्या बाकावर एकटं बसवलंय. आता तो शाळेत जायलाच मागत नाही."

मी विचारले, "घरात आणखी कोण कोण आहे?"

"हे, मी, धाकटी मुलगी आणि सासूबाई."

"त्यांनी मलम लावलं का?"

"त्यांना कुठं काय झालंय?"

सगळी गोम इथेच आहे. या मुलाला खरूज झाली होती. खरूज हा डोळ्यांना सहज न दिसणाऱ्या एका बारीक किडीमुळे होणारा रोग. तिची मादी त्वचेत बोगदा करून अंडी घालते. पण कीड अंगावर आली, की लगेच खाज सुटते असे नाही. पहिल्यांदाच लागण झाली असेल, तर खाज सुरू व्हायला चार ते सहा आठवडेही लागतात. म्हणजे त्याच्या कुशीत झोपणारी धाकटी बहीण खाजवत नसली, तरी कीड तिच्या अंगावर असू शकते. भाऊ मलमाने बरा होतो आणि बहिणीकडून पुन्हा त्याच्याकडे कीड येते. औषध वाया गेले असे आपल्याला वाटते. खरे तर ते अपुऱ्या माणसांना लावलेले असते.

म्हणून पहिला नियम असा : औषध घरातल्या सर्वांनी, एकाच रात्री लावायचे. खाज असो वा नसो. डॉक्टर साधारणपणे परमेथ्रिन पाच टक्के हे मलम देतात. ते फक्त पुरळावर नव्हे, तर मानेपासून तळपायापर्यंत लावायचे असते. बोटांची बेचकी, नखांच्या कडा, काखा, बेंबी, जांघा, काहीही सुटता कामा नये. रात्रभर ठेवून सकाळी आंघोळ करायची. मध्ये हात धुतले, तर हातांना पुन्हा लावायचे. साधारण आठवड्याने, डॉक्टर सांगतील त्या दिवशी, हाच क्रम पुन्हा करायचा. तान्ह्या बाळासाठी आणि गरोदर बाईसाठी मात्र आधी डॉक्टरांना विचारा.

त्याच सकाळी गेल्या तीन-चार दिवसांत वापरलेले कपडे, चादरी, टॉवेल गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावेत. जे धुता येत नाही, ते प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर बाजूला ठेवावे. माणसाच्या अंगाबाहेर ही कीड दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त सहसा जगत नाही. औषधानंतरही दोन ते चार आठवडे थोडी खाज राहू शकते. तेवढ्याने घाबरून रोज रोज मलम चोपडू नये.

खाजेकडे दुर्लक्ष का करू नये, तेही सांगतो. खाजवताना नखांनी त्वचा सोलवटते, त्यातून जंतू शिरतात आणि पुवाचे फोड येतात. यातल्या काही जंतूंमुळे पुढे काही आठवड्यांनी मूत्रपिंडाला सूज येऊ शकते. मुलाचा चेहरा सकाळी सुजलेला दिसला, लघवी कमी किंवा चहासारखी लाल होऊ लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. नखे आठवड्याला कापणे ही साधी गोष्ट, पण त्यात मोठे राखण आहे.

आता नायटा, ज्याला आपण गजकर्णही म्हणतो. ही बुरशी. ओलसर जांघा, काखा, ओले मोजे तिला मानवतात. इथे आपली चूक वेगळी होते. औषधाच्या दुकानातून कुणीतरी सांगितलेली ट्यूब आणली जाते. पुष्कळदा तिच्यात स्टेरॉइड असते. दोन दिवसांत लाली आणि खाज जाते, पण बुरशी मरत नाही, उलट ती आत पसरते. त्वचाही पातळ होते. गेल्या काही वर्षांत आपल्या देशात नेहमीच्या औषधांना दाद न देणारा नायटा वाढला आहे आणि अशा मलमांचा बेसुमार वापर हे त्याचे एक कारण मानले जाते. 2018 साली केंद्र सरकारने अनेक स्टेरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकण्याच्या यादीत घातली, ती याच काळजीने. तेव्हा चिठ्ठीशिवाय ट्यूब आणू नका, आणि चट्टा दिसेनासा झाला तरी डॉक्टरांनी सांगितलेले आठवडे पूर्ण करा. प्रत्येकाचा टॉवेल वेगळा ठेवा. आंघोळीनंतर अंगाच्या घड्या कोरड्या पुसा.

शेवटी शिक्षकांना एक विनंती. खरूज म्हणजे घाणेरडेपणा नव्हे. स्वच्छ घरांतही ती येते, कारण ती बराच वेळ अंगाला अंग लागण्याने पसरते. एका पांघरुणात झोपणारी भावंडे, वसतिगृहातली मुले यांना धोका जास्त. वसतिगृहात एकाला झाली, तर सगळ्यांवर एकाच दिवशी उपचार हवेत. शाळेत मूल खाजवताना दिसले, तर वर्गासमोर न बोलता पालकांना बोलवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक तपासणीला येते, तेव्हा त्या मुलाला आवर्जून दाखवा. औषधाची पहिली रात्र झाली, की दुसऱ्या दिवशी तो वर्गात बसू शकतो.

त्या आईने घरातल्या पाचही जणांना एकाच रात्री मलम लावले, आठवड्याने पुन्हा लावले. महिन्याने मुलगा तपासायला आला, तेव्हा हात स्वच्छ होते. मी विचारले, "आता कुठं बसतोस?" तो म्हणाला, "दुसऱ्या बाकावर, मित्राशेजारी."

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)