कल कळला, काम कधी दाखवणार?

अंधेरी, बोरिवली, घाटकोपरच्या शाळांतून मुलुंडमध्ये आलेल्या शिक्षक-समुपदेशकांनो, स्वागताध्यक्षाने फार वेळ घेऊ नये, हा संकेत मला मान्य आहे. तरी एक मुद्दा मांडतोच. शाळेतल्या मार्गदर्शनाचा कस दहावीच्या निकालात लागत नाही. पंचविशीतला तरुण आपल्या कामावर समाधानी आहे का, यात लागतो.

राज्य मंडळाने 2016 पासून श्यामची आई फाउंडेशनच्या साहाय्याने दहावीची कलचाचणी घेतली. मुलाला आवडते काय, हा प्रश्न त्यामुळे गुणांच्या बरोबरीने विचारला गेला, हे मोठेच काम. पण फ्रँक पार्सन्सच्या व्यवसाय-मार्गदर्शनावरच्या 1909 मधल्या पुस्तकात मागणी तीन गोष्टींची आहे: स्वतःची ओळख, कामाची ओळख आणि दोहोंची सांगड. आपण पहिलीपाशीच थांबलो. मुलाचा कल ‘तांत्रिक’ निघाला. पण मरोळच्या एमआयडीसीत पाळीभर यंत्रापाशी उभे राहणे कसे असते, सीप्झमध्ये हिरे जडवताना मान आणि डोळे किती दुखतात, सुरुवातीला हातात किती पडतात, हे त्याला कोण सांगते? अकरावीच्या ऑनलाइन अर्जात पसंतीक्रम लागतो तो कटऑफ बघून. कामाचे चित्र मनात एक आणि प्रत्यक्षात दुसरे, असे झाले की नोकरी मिळूनही मन रमत नाही. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2021 मध्ये अनेक देशांतल्या दीर्घकालीन पाहण्या तपासल्या. शाळेत असताना कामाच्या जागा पाहिलेल्या, काम करणाऱ्यांशी बोललेल्या मुलांची पुढची स्थिती बऱ्याच ठिकाणी सरस दिसली. काही पाहण्यांत समाधानही अधिक होते.

अशा मुलांच्या घरची परिस्थितीच चांगली असेल, अशी शंका कोणी घेईल. ती रास्त आहे, म्हणूनच त्या विश्लेषणात घरची पार्श्वभूमी हिशेबात धरली होती. तरीही कार्यकारणाचा पक्का पुरावा म्हणून मी ते मांडत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार: समाधान ठरते पगारावर, साहेबावर आणि लोकलच्या गर्दीवर, शाळा त्यात काय करणार? शाळा पगार वाढवू शकत नाही, हे खरे. मात्र या गोष्टी आधी ठाऊक असलेला मुलगा डोळे उघडे ठेवून निवड करतो आणि नाही जमले तर दुसरी वाटही वेळेत शोधतो. पंधराव्या वर्षी आयुष्याचा निर्णय लादू नये, हे तर मलाही पटते. काम दाखवणे म्हणजे निर्णय लादणे नव्हे.

म्हणून आपणांस विनंती: या दिवाळीच्या सुट्टीआधी आपल्या शाळेची नववी एखाद्या कारखान्यात, रुग्णालयात किंवा आयटीआयमध्ये घेऊन जा, आणि तिथल्या कामगारांना मुलांचे प्रश्न ऐकू द्या.