लॅपटॉप कशाची वाट पाहत होता?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



निवेदकांनी माझी ओळख करून देताना ‘शाळेला लॅपटॉप मिळवून देणारी’ असं म्हटलं आणि तुम्ही टाळ्या वाजवल्यात. त्या टाळ्या जरा उसन्या ठेवते. त्या लॅपटॉपांबाबत माझी एक चूक झाली होती. ती आज इथे सांगायची, असं ठरवूनच मी पुण्याहून निघाले.

२०१९ च्या महापुरात आपल्या संगणक खोलीचं काय झालं, ते वाडीत राहणाऱ्यांना सांगायला नको. आपल्याला पाण्याचं अप्रूप नाही. पादुकांवर पाणी आलं की आपण दक्षिणद्वाराच्या स्नानाला धावणारी माणसं. पण त्या ऑगस्टमध्ये पाणी आलं आणि मुक्कामालाच राहिलं. खालच्या मजल्यावरचे संगणक गेले ते गेलेच. पुढे आपल्या १९९६ च्या तुकडीने ठरवलं, की प्रत्येकाने घरात पडून असलेला जुना लॅपटॉप द्यायचा. नऊ जमले. त्यांवर लिनक्स घालून द्यायचं काम माझ्याकडे आलं. लिनक्स मुक्त प्रणाली आहे, परवान्याचे पैसे लागत नाहीत आणि दहा वर्षांच्या जुन्या यंत्रावरही ती नीट चालते.

मी एक लॅपटॉप मन लावून तयार केला. मराठी टंकलेखन, गणिताचे खेळ, सगळं घातलं. मग वेळ वाचवण्यासाठी त्याचीच नक्कल उरलेल्या आठांवर उतरवली. सुरू होताना पडद्यावर इंग्रजी ओळी धावतात त्या मुलांना रुक्ष वाटतील, म्हणून त्यांवर शाळेच्या इमारतीचं सुंदर चित्र लावलं. पहिला लॅपटॉप सगळ्यांसमोर सुरू करून दाखवला, फोटो काढले, कवठाची बर्फी खाल्ली आणि पुण्याला परतले.

चार महिन्यांनी घरी आले होते, तेव्हा सहज शाळेत डोकावले. संगणकाचा तास सुरू होणार होता. दार उघडताच मुलं धावली आणि सगळी एकाच लॅपटॉपवर तुटून पडली. मी विचारलं, “बाकीचे आठ आहेत की, याच्यावरच का?” एक मुलगा म्हणाला, “ही महालक्ष्मी आहे. बाकीच्या पॅसेंजर.”

मागच्या बाकावरची सातवीतली एक मुलगी शांत बसली होती. धावाधावीत तिला महालक्ष्मी कधीच मिळाली नव्हती. तिच्या वहीच्या शेवटच्या पानावर भिंतीवरच्या घड्याळात पाहून केलेल्या नोंदी होत्या : तारीख, लॅपटॉपचा क्रमांक आणि सुरू व्हायला लागलेला वेळ. दोन मिनिटं पन्नास सेकंद. दोन मिनिटं पंचेचाळीस. पुन्हा दोन पन्नास. महालक्ष्मीपुढे इतर कोणीतरी मोजलेली पन्नास सेकंदं.

मी बाईंना म्हटलं, “मला एक फोन तरी करायचा.” त्या संकोचून म्हणाल्या, “अगं, तुम्ही मुलांनी एवढ्या प्रेमाने दिलेलं. दानाच्या गाईचे दात कुणी मोजतं का?”

बाई, तुमचं ते वाक्य मला फार लागलं. दिवसभर ऑफिसात मी अर्ध्या-अर्ध्या सेकंदासाठी भांडते. इथे पस्तीस मिनिटांच्या तासातली जवळजवळ तीन मिनिटं माझ्यामुळे जात होती आणि जी मुलं धक्काबुक्की करू शकत नाहीत, त्यांचीच जात होती.

संध्याकाळी मी दुरुस्तीला बसले. इथे जरा तांत्रिक बोलते, कारण तुमच्यातल्या निम्म्यांनी मला चहाच्या वेळी ‘माझाही लॅपटॉप फार हळू सुरू होतो गं’ असं सांगितलंय.

लॅपटॉप सुरू होणं म्हणजे काय? पूर येताना आपल्या घरात काय होतं ते आठवा. एक जण गुरं सोडतो, दुसरा धान्य माळ्यावर चढवतो, तिसरी कागदपत्रं पिशवीत भरते. सगळं एकाच वेळी चालतं. पण ट्रॅक्टर दारात आल्याशिवाय सामान त्यात चढत नाही. लिनक्समध्ये हा कारभार सांभाळणाऱ्या घरच्या मोठ्या माणसाचं नाव सिस्टिम-डी. २०१० साली त्याची कल्पना मांडली गेली, तेव्हा सूत्र साधं होतं : सुरुवातीला कमीत कमी कामं काढा आणि जी काढाल ती शक्यतो एकाच वेळी चालू द्या.

त्याच्याकडे हिशेबाची वहीही असते. ‘सिस्टिमडी-अॅनलाइझ’ ही आज्ञा दिली, की कर्नलला, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याला, किती वेळ लागला आणि पुढच्या सेवांना किती, हे कळतं. एका पॅसेंजरवर कर्नलला ३७ सेकंद आणि सेवांना ११५ सेकंद लागले होते. त्याआधीचे १८ मी घड्याळाने मोजले : ८ यंत्राची स्वतःची तपासणी आणि १० ‘ग्रब’ या यादीवर नुसतं थांबणं. बेरीज १७०. मुलीच्या वहीतली दोन मिनिटं पन्नास सेकंद तंतोतंत जुळली.

मग त्याच आज्ञेपुढे ‘ब्लेम’ हा शब्द लावला. कोणत्या सेवेने किती वेळ घेतला, याची यादी आली. सगळ्यात वर होती नेटवर्क जोडलं जाण्याची वाट पाहणारी सेवा, ११ सेकंद. मला वाटलं, चोर सापडला. ती बंद केली. फरक फारसा पडला नाही, कारण ती थांबली तरी बाकीची कामं तिच्यासाठी थांबत नव्हती. मोठा वेळ खाणारा कोणीतरी होता आणि तो यादीत नव्हताच. ब्लेमच्या यादीत जे अखेर सुरू झाले त्यांचीच नावं येतात. जो आलाच नाही, त्याचं नाव कुठून येणार?

शेवटी कंटाळून सुरू होताना एस्केपची कळ दाबली. शाळेचं सुंदर चित्र बाजूला झालं आणि खालची ओळ दिसली. लॅपटॉप एका डिस्कची वाट पाहत होता. शेजारी सेकंद मोजले जात होते, मर्यादा दीड मिनिट.

घोटाळा माझाच होता. डिस्कच्या एका भागाला ‘स्वॅप’ म्हणतात, मेमरी अपुरी पडली तर वापरायची राखीव जागा. डिस्क वेगवेगळ्या आकाराच्या असल्याने मी नक्कल फक्त मुख्य भागाची उतरवली होती आणि स्वॅप प्रत्येकावर नव्याने पाडला होता. नव्या भागाला नवा ओळखक्रमांक मिळतो. पण ‘एफएसटॅब’ या यादीत पहिल्या लॅपटॉपचाच क्रमांक राहिला. त्यामुळे आठही लॅपटॉप रोज सकाळी त्यांच्यात नसलेल्या डिस्कसाठी दीड मिनिट थांबत. तोच चुकीचा क्रमांक आणखी एका जागी होता, तिथे कर्नल वेगळे ३० सेकंद थांबायचा. दारात ट्रॅक्टर उभा, सामान भरलेलं आणि मुंबईला गेलेल्या काकांसाठी सगळं घर खोळंबलेलं, तसं हे. यंत्र बिचारं रोज सांगत होतं. मीच चित्र लावून त्याचं तोंड झाकलं होतं. आणि तपासून पाहिला होता तो एकच, ज्याच्यावर सगळे क्रमांक बरोबर होते.

क्रमांक दुरुस्त केले. ग्रबचं थांबणं १० वरून २ सेकंदांवर आणलं. ब्लूटूथ सुरुवातीला बंद ठेवलं, छपाईची सेवा प्रिंटर जोडलेल्या लॅपटॉपपुरती ठेवली. १७० चे ३४ सेकंद झाले. यासाठी एक रुपयाही लागला नाही. पुढे आपल्या एका मित्राने एसएसडी दिली. ती एका लॅपटॉपवर बसवली, तेव्हा १९ सेकंद लागले. तेव्हा घरी करून पाहणाऱ्यांनी आधी मोजा, मग बदला. एका वेळी एकच गोष्ट बदला. नाव माहीत नसलेली सेवा बंद करू नका. एसएसडीचा खर्च त्यानंतर.

२००८ साली इंटेलच्या दोन अभियंत्यांनी एक छोटा आसूस लॅपटॉप लिनक्सवर पाच सेकंदांत सुरू करून दाखवला होता. त्यांनी ‘थोडा वेग वाढवू’ असं म्हटलंच नाही. पाच सेकंद आधी ठरवले आणि कर्नलला एक, सुरुवातीच्या कामांना एक, असे वाटून दिले. त्यांची ही गोष्ट मी ऑफिसातल्या नव्या मुलांना किती वेळा सांगितली असेल. पण मोजायची शिस्त मला पुन्हा शिकवली ती मात्र वहीच्या शेवटच्या पानाने.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीलाच पहिला लॅपटॉप निवडायला सांगितलं. तिने मुद्दाम पॅसेंजर निवडली, घड्याळाकडे बघत बसली आणि वहीत ‘३४’ लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या. आता कुणी धावत नाही, असं बाई सांगतात.

मित्रांनो, आणखी लॅपटॉप द्यायचे म्हणून आज बऱ्याच जणांनी नावं नोंदवली आहेत. जरूर द्या. फक्त कुरिअरने पाठवून मोकळे होऊ नका. एकदा या, मागच्या बाकावर एक तास बसा आणि आपण दिलेली वस्तू तिथून कशी दिसते ते बघा. आणि बाई, सर, आमच्या गाईचे दात तुम्ही खुशाल मोजा. मोजायला आम्हाला तुम्हीच तर शिकवलंत.