औषधींचे नामरूप

(वर्धापनोत्सवात भक्तजनांसमोर केलेले भाषण)

घरच्या घरी लावता येतील अशा औषधी वनस्पतींविषयी चार शब्द बोलावेत, अशी मला आज्ञा झाली आहे. मी वैद्य नव्हे. पाठशाळेत मुलांकडून शब्दरूपे घोकवून घेणारा मठाचा एक शिष्य आहे. म्हणून औषधींच्या गुणांपेक्षा त्यांच्या नावांविषयी बोलणे मला अधिक शोभेल, आणि आपल्या गावी तर तो विषय अगत्याचाच आहे.

कोप्पीकर रोड आणि त्याच्या आसपासच्या गल्ल्यांतून राहणारी आपली कुटुंबे घरात मराठी बोलतात, दुकानात कन्नड बोलतात आणि देवघरात संस्कृत म्हणतात. त्यामुळे एका रोपाला तीन नावे मिळतात, आणि एका नावाची रोपेही दोन निघतात. ब्राह्मीचेच पाहा. कन्नडमध्ये जिला ओंदेलग, म्हणजे एकपानी, म्हणतात आणि जिची ताकातली तंबुळी आपल्या घरांतूनही आवडीने होते, तिलाच पुष्कळजण ब्राह्मी समजतात. लांब देठावर वाटोळे, कातरलेल्या कडांचे एकेक पान, ही तिची खूण. शास्त्रात तिचे नाव मंडूकपर्णी. दुसरी जलब्राह्मी. तिची पाने बारीक, मांसल व देठ नसल्यासारखी असतात आणि ती ओलसर जागी जमिनीलगत पसरते. दोन्ही बुद्धिवर्धक मानल्या आहेत, म्हणून येथे घोटाळा झाला तरी फारसे बिघडत नाही. सर्वत्र तसे नसते.

गुळवेल घ्या. कन्नडमध्ये ही अमृतबळ्ळी, संस्कृतात गुडूची. करोनाच्या साथीत, 2020 साली, घरोघर हिचा काढा उकळू लागला. पुढे 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने 2022 मध्ये उत्तर दिले की, खरी गुडूची निर्धोक आहे, मात्र तिच्यासारख्या दिसणाऱ्या तिच्याच कुळातील दुसऱ्या वेलीपासून सावध राहावे. त्या वेलीच्या खोडावर गाठीगाठींसारखे उंचवटे असतात. हा वाद वैद्य आणि डॉक्टर मिटवोत. आपल्यापुरते एवढे निश्चित की, बाजारातून आणलेल्या वाळक्या तुकड्यांवरून किंवा चूर्णाच्या डबीवरून ही परीक्षा आपल्याला करता येणार नाही; दारच्या जिवंत वेलीवर ती करता येईल. औषधी घरी लावण्याचे माझ्या मते हेच मुख्य प्रयोजन आहे. पैसे वाचतात हे गौण.

येथे संस्कृत भाषा आपल्या साहाय्यास येते. आपल्या पूर्वजांनी वनस्पतींना पर्यायी नावे दिली ती श्लोकाची मात्रा भरावी म्हणून नव्हे. गुडूचीचे एक नाव छिन्नरुहा: तोडली तरी रुजणारी. दुसरे चक्रलक्षणा: खोड आडवे कापले असता आत चाकाच्या आऱ्यांसारखी आकृती दिसणारी. (ही दुसरी खूण तिच्या भाऊबंद वेलींतही दिसते, म्हणून एका खुणेवर विसंबू नये.) अडुळशाला, ज्याला कन्नडमध्ये आडुसोगे म्हणतात, सिंहास्य हे नाव आहे, त्याचे पांढरे, दोन ओठांचे फूल जवळून पाहिले की सिंहाचा उघडा जबडा आठवतो. वेखंड, म्हणजे बजे, ही उग्रगंधा; पान चुरगळताच नावाचा अर्थ नाकाला कळतो. वेदान्ताच्या पाठात आम्ही नामरूप टाकून द्यावयास शिकतो. औषधींच्या बाबतीत मात्र ते घट्ट धरून ठेवावे लागते!

तरीही नामरूप पुरेसे नाही. रानात गुरे-मेंढ्या राखणारे वनस्पतींची नावे आणि रूपे जाणतात, परंतु तिचा योग्य उपयोगही जो जाणतो तोच खरा जाणकार, असा चरकाचा अभिप्राय आहे. अडुळसा खोकल्यावर नामांकित. त्याच्या पानांतील वासिसीन या द्रव्याच्या अभ्यासातूनच खोकल्यावरचे ब्रोमहेक्झिन हे आधुनिक औषध निघाले. पण तोच अडुळसा गर्भवतीने घेऊ नये, कारण तो गर्भाशयास चेतवितो. वेखंड उगाळून बाळाला चाटविण्याची चाल आजीबाईच्या बटव्यातली आहे, आणि तिच्यामागील मायेविषयी मला आदरच आहे. तथापि वेखंडातील बीटा-असारोन या द्रव्याने प्राण्यांत अर्बुदे झाल्याचे आढळल्यावरून अमेरिकेने 1968 मध्ये खाद्यपदार्थांत वेखंड वापरण्यास बंदी केली. मातांनो, वैद्याला विचारल्यावाचून ते बाळाच्या पोटात जाऊ देऊ नका.

आता लागवडीचे. आपल्या बहुतेकांना अंगण उरलेले नाही. गॅलरी आहे, फार तर गच्ची. तुळस, ओव्याचे पान (कन्नड दोड्डपत्रे), गवती चहा आणि कोरफड एवढ्यांना कुंडी पुरते. गुळवेलीला चढावयास आधार हवा. अडुळशाला मोठी कुंडी द्यावी. हुबळीची काळी माती एकटी वापरू नये. ती पाणी धरून ठेवते आणि वाळली की तडकते. तिच्यात तांबडी माती, वाळू आणि कुजलेले शेणखत मिसळावे. औषधाची कुंडी रस्त्याच्या बाजूस ठेवू नये. कोप्पीकर रोडच्या धुराची पुटे ज्या पानावर चढली, त्याचा काढा कोणत्या गुणाचा? कुंडीखालच्या ताटलीतले पाणी दर आठवड्याला ओतून ती घासून काढावी. नाहीतर तुळशीच्या पायाशीच डेंग्यूचा डास वाढेल. आणि ताप दोन दिवसांत उतरला नाही, किंवा श्वास लागला, तर काढ्याचे भांडे बाजूस ठेवून रुग्णालय गाठावे. मधुमेहाच्या गोळ्या तर काढ्याच्या भरवशावर कोणीही बंद करू नयेत.

पहिला पाऊस पडला की पाठशाळेच्या परसातील गुळवेलीच्या व अडुळशाच्या कांड्या मागणाऱ्यांना दिल्या जातील. प्रत्येक कांडीला मराठी, कन्नड आणि संस्कृत अशा तिन्ही नावांची चिठ्ठी बांधलेली असेल. ती चिठ्ठी कुंडीत खोचून ठेवावी आणि घरातल्या मुलांकडून मोठ्याने वाचून घ्यावी.