डोळ्याचं दुसरं काम

(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीतील भाषणाचा मजकूर)

कर्जफेडीचा विषय झाला, आता थोडा वेळ मला द्या.

माझ्या सासूबाई दिवसभर पेंगायच्या आणि रात्री दोनला उठून भांडी वाजवायच्या. वय झालं, असं आम्ही म्हणायचो. एकदा मी त्यांच्यावर ओरडलेही. मोतीबिंदू होता हे ठाऊक होतं, पण 'कांदा निघाल्यावर बघू' म्हणत दोन वर्षं ढकललं. त्यांना कुठं वाचायचंय की शिवायचंय, मग घाई कशाला, असा आमचा हिशेब.

हिशेब चुकला होता. डोळा बघतो, तसाच तो शरीराला वेळही सांगतो. आपल्या मेंदूत एक घड्याळ असतं. झोप, भूक, अंगाची ऊब त्याच्या तालावर चालते. पण ते बरोबर चोवीस तासांचं नसतं, बहुतेकांचं रोज थोडं मागं पडतं. ते जुळवायला उजेड लागतो. त्यासाठी डोळ्याच्या पडद्यात वेगळ्या पेशी असतात. २००२ साली अमेरिकेत डेव्हिड बर्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की या पेशी स्वतःच उजेड ओळखतात. उजेड किती आहे हे कळवणं, हे त्यांचं मुख्य काम. म्हणून तर काही अंध माणसांना काही दिसत नसलं तरी त्यांचं घड्याळ ठीक चालतं. ज्यांच्या डोळ्यांना उजेडाची जाणीवच नाही, त्यांच्यातल्या अनेकांची झोप मात्र रोज थोडी थोडी सरकत जाते.

या पेशींना निळसर उजेड जास्त कळतो. सकाळच्या आभाळात तो भरपूर असतो. मोतीबिंदूत भिंग पिवळट होतं आणि नेमका तोच उजेड अडवतं. (रात्री अकराला मोबाईलवर नोंदी भरणाऱ्या सचिवताई, स्क्रीनमध्येही तोच उजेड असतो बरं का!)

सासूबाईंच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. झोप काही एका दिवसात सुधारली नाही. सकाळी त्यांना ओट्यावर बसवते, आता रात्री एखाद्या वेळेसच उठतात. अर्थात म्हातारपणी झोप मोडायला गोळ्या, लघवी, दुखणं अशी कारणंही असतात, ती डॉक्टरांना विचारायची.

सरकारी दवाखान्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन मोफत होतं. प्रत्येक गटानं आपल्या घरातल्या, शेजारच्या म्हाताऱ्या बायांची नावं पुढच्या बैठकीला लिहून आणा. एकटीला जायची भीती वाटते, म्हणून चार-पाच जणी मिळून एकच गाडी करू.