परमुलखातले बिऱ्हाड



नागपुरातील अनेक मध्यमवर्गीय घरांतून आज कोणी ना कोणी बायकामुलांसह परदेशी निघालेले असते. नेमणुकीचे पत्र आले, व्हिसा मिळाला, की मागे राहिलेले आईवडील निश्चिंत होतात. खरी विवंचना त्यानंतर सुरू होते. एकटा माणूस कोठेही पथारी पसरतो. कुटुंबाला शाळेजवळचे, पगारात बसणारे बिऱ्हाड लागते. आपण ही ज्याची त्याची खासगी अडचण समजतो. माझ्या मते नवागताला घर मिळणे वा न मिळणे हे मुख्यतः त्या समाजाच्या कायद्यावर अवलंबून असते.

जर्मनीचे उदाहरण घ्या. तेथे घरमालकाला तीन महिन्यांच्या मूळ भाड्याहून अधिक अनामत घेता येत नाही आणि भाडेकरूला ती तीन हप्त्यांत भरता येते. ज्याने दलाल नेमला त्यानेच दलाली द्यावी, असा दंडक 2015 पासून आहे. परंतु त्याच देशात घरमालक ‘शुफा’ या संस्थेचा पतीचा दाखला मागतो, आणि काल उतरलेल्या माणसाची पत तेथे नोंदलेलीच नसते. राहत्या पत्त्याची सरकारी नोंद करावयाची तर घर देणाऱ्याचे लेखी पत्र लागते; ती नोंद नसली की पुढची कामे अडतात. म्हणून जाणाऱ्यांना माझे सांगणे असते, की पहिले काही आठवडे तात्पुरत्या जागेत काढा, मात्र तेथे हे पत्र मिळेल याची आधी लेखी खात्री करून घ्या. आणि घर डोळ्यांनी पाहिल्यावाचून अनामत पाठवू नका.

व्हिएन्नाच्या नगरपालिकेने 1920 च्या दशकात समाजवादी नेतृत्वाखाली कामगारांसाठी घरे बांधली. आजही त्या शहराची जवळजवळ निम्मी वस्ती पालिकेच्या वा अनुदानित घरांत राहते. आपण त्याचा गौरव करतो, तो योग्यच आहे. पण पालिकेचे घर मागण्यापूर्वी शहरात दोन वर्षांच्या वास्तव्याची नोंद लागते. नवागत त्या दारातही थांबतोच. ब्रिटनमध्ये 1965 च्या वंशभेदविरोधी कायद्याने घरभाड्याचा व्यवहार वगळला होता; तो 1968 साली कायद्याच्या कक्षेत आला. आता इंग्लंडमध्ये 2016 पासून भाडेकरूला त्या देशात राहण्याचा हक्क आहे की नाही, हे घरमालकाने तपासावयाचे असते. म्हणजे घरमालकच सीमेवरचा शिपाई झाला.

परक्यांच्या या कथा ऐकून आपण हळहळतो. दीक्षाभूमीच्या या शहराला मात्र आणखी एक कथा विसरता येणार नाही. न्यूयॉर्क व लंडन येथे राहून 1917 साली बाबासाहेब आंबेडकर बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. त्यांना राहावयास जागा मिळेना. पारशी नाव धारण करून ते एका पारशी सराईत उतरले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव दारात आला. एका हिंदू मित्राकडे विचारावे, तर आपल्याला घरी आणल्यास नोकर निघून जातील असे तो म्हणाला. ख्रिस्ती मित्राने पत्नीचा सल्ला घ्यावा लागेल असे सांगितले. सरकारी बंगल्यासाठी केलेला अर्ज अधिकाऱ्यांच्या टेबलांवरून फिरत होता. काही तास सार्वजनिक बागेत काढून बाबासाहेबांनी मुंबईची गाडी धरली. पुढे 1921-22 मध्ये लंडनला ते ज्या घरात भाड्याने राहिले, ते घर महाराष्ट्र सरकारने 2015 साली विकत घेतले. बडोद्यात जो निवारा स्वदेशाने नाकारला, तो परदेशात पैसे मोजून मिळत होता. मागणी-पुरवठ्याच्या रेषा मी फळ्यावर पुष्कळ वर्षे काढल्या. त्या रेषांत आडनावाला जागा नसते.

आपल्या विदर्भाला निराळी वाटही ठाऊक होती. मध्यप्रांत व वऱ्हाडच्या 1949 च्या भाडे नियंत्रण आदेशानुसार घर रिकामे झाले की मालकाने कलेक्टरला कळवावयाचे, आणि कलेक्टर ते बदलून आलेल्या सरकारी नोकराला किंवा फाळणीच्या निर्वासिताला देऊ शकत असे. हा कारभार निर्दोष होता, असे मी म्हणणार नाही. अशा अधिकारात वशिला शिरतोच. तरीपण रिकामे घर ही समाजाला कळवावयाची गोष्ट आहे, एवढे तत्त्व त्यात होते. महाराष्ट्राचा 1999 चा कायदा 31 मार्च 2000 रोजी लागू झाला आणि जुना आदेश संपला. नव्या कायद्याच्या छपन्नाव्या कलमाने तर पागडी कायदेशीर करून टाकली. दरम्यान 2011 च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागात सुमारे 1 कोटी 10 लाख घरे रिकामी आढळली.

केंद्राच्या 2021 च्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरती मर्यादित केली आहे. पण राज्याने स्वीकारल्यावाचून असा नमुना कागदावरच राहतो. ती मर्यादा आपण मागावी. जात, धर्म वा आहार विचारून घर नाकारणे दंडनीय करावे, हेही मागावे, कारण घटनेचे पंधरावे कलम खासगी घरमालकाच्या दारापर्यंत पोहोचत नाही. निवेदन देण्यापूर्वी प्रत्येक शाखेने आपल्या प्रभागात फिरावे. मिहानमध्ये किंवा एम्समध्ये नोकरीस आलेल्या परगावच्या कुटुंबांना विचारावे, की किती दारे पाहिली, अनामत किती मागितली, भाड्याच्या आधी कोणता प्रश्न आला. त्यांची संमती घेऊन, नावे न लिहिता, ही उत्तरे वहीत उतरवावी आणि ती वही निवेदनाला जोडावी.