डाव्या सोंडेचा, उजव्या सोंडेचा
(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेले भाषण)



आपल्या मंडपातला बाप्पा डाव्या सोंडेचा. आरशात पाहा, उजव्या सोंडेचा दिसेल. काही रेणूंचेही असेच असते, आणि हा फरक नाकाला कळतो. कार्वोनचे एक रूप पुदिन्यासारखे, तर आरशातले दुसरे शेपूच्या बियांसारखे वासाला. झाड मात्र चुकत नाही. आपल्या संत्र्याच्या सालीतले लिमोनीन जवळजवळ सगळे एकाच बाजूचे.

प्रयोगशाळेत साध्या कृतीने दोन्ही रूपे निम्मी-निम्मी निघतात. जपानच्या रिओजी नोयोरींनी ऱ्होडियम धातूला एकाच बाजूचा 'बायनॅप' रेणू जोडला. साचा डाव्या सोंडेचा असला की मूर्तिकाराच्या सगळ्या मूर्ती तशाच निघतात, तसेच हे. चिमूटभर उत्प्रेरक आणि टनावारी मेंथॉल! मेंथॉलची रूपे आठ, पण बामचा तो खरा थंडावा एकाचाच. २००१ साली नोयोरींना नोबेल मिळाले. नोल्स आणि शार्पलेस हे वाटेकरी.

उत्तर प्रदेशातल्या पुदिना शेतकऱ्याला आज कारखान्यातल्या मेंथॉलशी टक्कर द्यावी लागते. आपल्यालाही उद्या हा प्रश्न पडेल, म्हणून सांगतो. नोयोरींच्या कृतीचा कच्चा मालही झाडाचाच, चीडच्या टर्पेंटाइनमधला. आणि आपण उकिरड्यावर टाकतो त्या संत्र्याच्या सालीतल्या लिमोनीनपासून कारखाने पुदिन्याच्या वासाचे कार्वोन बनवतात.