विद्यार्थिदशा संपत नाही
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



मंडळाच्या चालकांनी आम्हांस दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली. आम्ही जुन्या अकरावीचे मॅट्रिक. सारी हयात रत्नागिरी तालुक्यातील प्राथमिक शाळांत गेली. तेव्हा विद्वत्तेचे भाषण आमच्याकडून होणार नाही. अनुभवाचे चार बोल तेवढे सांगू.

१९७४ साली मॅट्रिक होऊन आम्ही प्रथम मुंबईस निघालो, तेव्हा एस.टी.ने रात्रभर घाट चढत-उतरत जावे लागले. कोकणात रेल्वे येणार, ही गोष्ट वडीलधारी मंडळी थट्टेने सांगत. परंतु १९९८ साली कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग खुला झाला. पानवलचा ६४ मीटर उंचीचा पूल आणि करबुड्याचा साडेसहा किलोमीटरांचा बोगदा आपल्या रत्नागिरीच्या परिसरातच आहेत. २०२२ साली मार्गाचे विद्युतीकरणही पुरे झाले. मुंबईचे अंतर मिटले, असे आम्हांस वाटले.

ते मिटले नव्हते, हे गेल्या पावसाळ्यात कळले. आमचे थोरले बंधू मुंबईस रुग्णालयात होते. एका रात्री त्यांनी आम्हांस पाहण्याची इच्छा दर्शविली, म्हणून पुतण्याने व्हिडिओ कॉल लावला. फोन हातात वाजत होता. कोठे बोट लावावे ते कळेना. दोन वेळा लावले, दोन्ही वेळा कॉल तुटला. मग पुतण्याने साधा फोन करून सांगितले, "काका, बाबा थकून झोपले, सकाळी पाहू." पहाटेची गाडी धरून आम्ही दुपारी पोहोचलो. तोवर बंधूंची वाचा गेली होती. ती परत आली नाही.

दोष यंत्राचा नव्हता. दर मे महिन्यात नातू येई आणि म्हणे, "आजोबा, द्या इकडे, मी करून देतो." आम्हीही देत असू. गुरुजी म्हणवून घेणाऱ्यास विचारण्याची लाज वाटे. आणि येथेच आम्हांस आमची शाळा आठवली. गणितात मागे पडलेल्या मुलाची पाटी ओढून घेऊन आम्हीही उदाहरण सोडवून देत असू. उत्तर बरोबर येई, मूल मात्र होते तेथेच राही. त्या मुलांचे आम्ही अपराधी आहो, हे निवृत्तीनंतर उमगले.

या दिवाळीत नातवास समोर बसविले आणि बजावले, "बाळ, हात मागे बांधून शिकव." प्रत्येक कृती आम्ही वहीत उतरून घेतली. आठ दिवस लागले. पण आता फोन घेता येतो, गाडीचे तिकीटही काढता येते.

वयाची सबब कोणी सांगू नये. आपल्याच जिल्ह्यातील मुरुडचे धोंडो केशव कर्वे किशोरवयात परीक्षेसाठी शंभराहून अधिक मैल पायी साताऱ्यास गेले; वय लहान दिसते म्हणून त्यांस परीक्षेस बसू दिले नाही. तेच अण्णासाहेब १९२९ साली, सत्तरी उलटल्यावर, परदेशच्या प्रवासास निघाले, आणि त्या प्रवासात बर्लिन येथे आइनस्टाइन यांना भेटले. लहान म्हणून परत पाठविले तेव्हा ते खचले नाहीत, आणि म्हातारे झालो म्हणून थांबलेही नाहीत. आपल्या गावचे नगर वाचनालय १८२८ सालचे आहे. शिकण्याची सोय येथे पूर्वापार आहे. कमी पडतो तो आपला संकोच सोडण्याचा निश्चय.

म्हणून मंडळास एक विनंती. दर रविवारी सायंकाळी एक तास ज्ञातीतील तरुण मुलामुलींनी सभागृहात बसावे आणि वडीलधाऱ्यांस फोन शिकवावा. नियम एकच : शिकविणाऱ्याने फोनला हात लावावयाचा नाही. पहिल्या रविवारी वही घेऊन आम्ही स्वतः हजर राहू; जे आम्हांस आले ते शिकवू, न आले ते शिकू.